विश्लेषण : व्हायोलिनचा पाहुणा मुंबईत, कन्हानच्या वाट्याला काय?

आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की गणेशोत्सवातील चित्रपटगीतांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. सिंफनी ऑर्केस्ट्रा वेगळा. त्यात सत्तर-ऐंशी वादक लिहिलेले संगीत एकत्र वाजवतात. राज्यात त्याचे मुख्य ठिकाण एकच, मुंबईचे एनसीपीए. तेथे २००६ मध्ये खुशरू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालीएव यांनी 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभा केला. नामवंत पाहुणे व्हायोलिनवादक येतात, सभागृह भरते. पण नागपूरजवळच्या कन्हानला त्याचा उपयोग काय?

पाहुणा नेमके काय करतो?

व्हायोलिन कन्सर्टो या रचनेत एकल वादक पुढे उभा राहतो आणि मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा असतो. बहुतेक रचनांचे तीन भाग असतात : जलद, संथ, पुन्हा जलद. मध्ये एके ठिकाणी सारे वादक थांबतात आणि एकटे व्हायोलिन वाजते. त्याला कॅडेन्झा म्हणतात. एवढ्या वाद्यांपुढे, सहसा माइकशिवाय, एका वाद्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे हेच कसब.

हे संगीत परके आहे का?

तसे म्हणणे कठीण. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचे पुत्र झुबिन मेहता पुढे जगप्रसिद्ध संगीत-संचालक झाले. यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आले, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. त्याच दौऱ्यात पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि पुढे अय्यंगारांचा योग युरोपात पोहोचला. गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यांतील व्हायोलिनचा ताफा कन्हानच्या घराघरांत कधीच पोहोचला आहे. नाव ठाऊक नसेल, कानाला ओळख आहे.

मग अडते कुठे?

रुचीपेक्षा व्यवस्थेत. नागपूर ते मुंबई अंतर आठशे किलोमीटरहून अधिक. कन्हानहून कार्यक्रमाला जायचे तर दोन रात्रींचा प्रवास, राहणे आणि तिकीट. उलट ऐंशी वादक, मोठी वाद्ये, योग्य सभागृह हे सारे इकडे आणणेही सोपे नाही. त्यामुळे 'कन्हानमध्ये सिंफनी करा' ही मागणी टाळ्या मिळवील, पण टिकणार नाही.

टिकणारी मागणी लहान आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो असे चार वादक म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. ते शाळेच्या सभागृहात वाजवू शकतात. पाहुणा मुंबईत असताना त्याच्या तालमीचे थेट प्रक्षेपण नागपुरात दाखवता येईल. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून नागपुरातच आहे. हे काम त्याच्या कक्षेबाहेरचे नाही. कन्हान परिसरात कोळसा खाणी आहेत आणि कंपनी कायदा २०१३ नुसार सामाजिक दायित्वाचा निधी शिक्षणावर खर्च करता येतो. त्यातून काही व्हायोलिन आणि एका शिक्षकाचे मानधन निघणे अशक्य नाही.

आक्षेपाचे काय?

'खडी गंमत आणि दंडार उपेक्षित असताना सिंफनी कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. लोककलांचा पैसा इकडे वळवला तर तो अन्यायच ठरेल. पण दोन्हींची गरज एकच आहे : नियमित शिक्षक, सरावाची जागा आणि कलेला वेळ देणारी शाळा. ही व्यवस्था झाली तर दंडारीलाही तिचा लाभ होईल.

व्हायोलिन उशिरा हाती घेणाऱ्याला फार पुढे जाता येत नाही. बहुतेक नामवंत वादकांनी सहा-सात वर्षांच्या आत सुरुवात केलेली असते. म्हणून प्रश्न श्रीमंतांच्या करमणुकीचा नाही, कोणत्या गावातील मुलाला वेळेवर वाद्य मिळते याचा आहे. कन्हान नदीचे पाणी रोज नागपूरची तहान भागवते. शहराकडूनही या गावाकडे काही यायला हवे. पाहुण्याच्या मैफलीचे यश भरलेल्या खुर्च्यांवर मोजले जाते. तो गेल्यावर किती मुलांच्या हाती वाद्य उरले, हेही मोजले पाहिजे.