रहस्यपटातील योगायोग : एक विचार

मराठी समीक्षेत 'योगायोग' ही संज्ञा बहुधा दोष दाखविण्यासाठीच वापरली जाते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांकडे अभ्यासकांनी दीर्घकाळ पाठ फिरवली, तिच्यामागे घटनांच्या सोयीस्कर जुळणीविषयीची ही अढीही असावी. अपराधकथेच्या कथानकात नेमके काय दुबळे असते, हा प्रश्न मात्र आपण फारसा तपासून पाहिलेला नाही. त्यासाठी एका युरोपीय चित्रपटाचा आणि आपल्याच उपनगरांत घडलेल्या एका प्रकरणाचा एकत्र विचार करणे उपयुक्त ठरेल.

१९५८ साली लादिस्लाओ वायदा यांनी दिग्दर्शित केलेल्या जर्मन भाषेतील या चित्रपटाच्या शीर्षकाचा अर्थ 'भर दिवसा घडले' असा होतो. स्विस नाटककार फ्रीडरिश ड्यूरेनमाट त्याच्या पटकथाकारांपैकी एक. एका बालिकेचा खून होतो. संशय फेरीवाल्यावर येतो. चौकशीने खचलेला तो माणूस कोठडीत गळफास घेतो. मुलीच्या आईला वचन देऊन बसलेला पोलीस अधिकारी मात्थेई मात्र खरा खुनी मोकळाच आहे असे मानतो. मुलीने काढलेल्या एका चित्राच्या आधारे तो हमरस्त्यावर पेट्रोलपंप चालवायला घेतो आणि तशाच दुसऱ्या एका मुलीला, तिच्या आईच्या नकळत, आमिष म्हणून तेथे वावरू देतो. खुनी येतो, सापळ्यात सापडतो.

चित्रपटाचे सामर्थ्य खुन्याच्या चित्रणात आहे. गेर्ट फ्रोबे या नटाने उभा केलेला श्रॉट हा राक्षस नव्हे. बायकोच्या धाकात दबलेला, घरात अवघडून वावरणारा नवरा आहे. अंधाऱ्या गल्ल्यांऐवजी ऊन, झाडी आणि स्वच्छ रस्ते दाखवून दिग्दर्शकाने भय अधिकच गडद केले आहे. कथानक मात्र तितके भक्कम नाही. खुनी याच रस्त्याने जाणार, येथेच थांबणार आणि याच मुलीकडे ओढला जाणार, हे सारे गृहीत धरावे लागते. याहून गंभीर दोष नैतिक आहे. मुलीला आमिष बनविण्याचे मात्थेईचे कृत्य सापळ्याच्या यशाने धुऊन निघते. ते प्रेक्षकाला टोचू नये अशीच शेवटाची योजना आहे.

ड्यूरेनमाटला हे खटकले असावे. त्याच वर्षी त्याने याच कथाबीजावर 'वचन' या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली आणि उपशीर्षकातच तिला रहस्यकादंबरीचे मृत्युगीत म्हटले. तेथे सापळ्याकडे निघालेला खुनी वाटेत मोटार अपघातात मरतो. मात्थेई पेट्रोलपंपावर वाट पाहत वर्षानुवर्षे झिजत राहतो. कादंबरी श्रेष्ठ आहे यात शंका नाही. तरीही नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या वाटेवर घडणारा अपघात चित्रपटातील यशाइतकाच बेतलेला वाटतो. एकाने यश शिवले, दुसऱ्याने अपयश, कात्री एकच.

आता आपल्याकडे वळू. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रात्री उघड्यावर व झोपड्यांत निजलेल्या गरिबांवर हल्ले झाले. रामन राघव त्या वेळी पोलिसांच्या हाती लागला होता, पुराव्याअभावी सुटला. १९६८ मध्ये उत्तर उपनगरांत तेच सत्र पुन्हा सुरू झाले. गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास चालू असताना २७ ऑगस्ट रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याला ओळखून पकडले. हाती लागलेला खुनी सुटतो आणि पुढे एका अधिकाऱ्याच्या नजरेस सहज पडतो, अशी पटकथा कोणी आणून दिली असती तर आपण ती दुबळी ठरवली असती. पण फियालोंची दृष्टी रिकामी नव्हती. वर्णन हाताशी होते, शहर धास्तावलेले होते, पोलीस शोधात होते. या योगायोगाला पूर्वतयारीची पार्श्वभूमी आहे. ड्यूरेनमाटच्या अपघाताला तशी काहीच नाही.

श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादव यांना घेऊन या प्रकरणावर चित्रपट केला. अनुराग कश्यप यांचा २०१६ चा 'रामन राघव २.०' हा आपण त्या खुन्याची कथा सांगत नाही असे आरंभीच बजावतो आणि नावाचे दोन तुकडे करून रामन्ना व राघवन अशी खुनी-पोलीस जोडी उभी करतो. स्वतःहून कबुली देणाऱ्या रामन्नावर पोलीस विश्वास ठेवत नाहीत आणि तो निसटतो, हा भाग अविश्वसनीय वाटू शकेल. पण १९६६ चे प्रकरण आठवले की हा आक्षेप फारसा टिकत नाही. खरी उणीव त्या जोडीच्या अतिरेकी प्रमाणबद्धतेत आहे. राघवन हा रामन्नाचेच प्रतिबिंब आहे हे प्रेक्षकाला लवकर उमगते आणि पुढचे प्रसंग ते सिद्ध करण्यापुरतेच उरतात. याला अपवाद रामन्ना बहिणीच्या घरी जातो त्या दीर्घ प्रसंगाचा. दार उघडणाऱ्यांच्या ओळखीचाच माणूस घरात शिरतो, आणि श्रॉटच्या घरात जाणवणारी घुसमट येथे उपनगरातल्या एका लहानशा खोलीत पुन्हा भेटते.