वर्गमूळ : आधी अंदाज, मग बटण

आपल्या मुलांच्या दप्तरात आज गणकयंत्र असते, आणि ते असावे. वर्गमूळाचे बटण दाबले की क्षणात लांबलचक उत्तर हजर! यंत्रावर आमचा राग नाही. पण आलेले उत्तर बरोबर की चूक, हे मुलाला ओळखता येते का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मॉरिशसमध्ये घरोघरी समजेल असे उदाहरण घेऊ. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार अजून आर्पां आणि पर्च यांतच बोलला जातो. एक पर्च म्हणजे ४२.२१ चौरस मीटर, आणि शंभर पर्चांचा एक आर्पां. समजा, दहा पर्चांच्या चौरस तुकड्याला कुंपण घालायचे आहे. एका बाजूची लांबी किती? ४२२.१ चे वर्गमूळ काढले की ती मिळेल. पण दशांश चिन्हाचे बटण नीट दाबले गेले नाही, तर यंत्र ४२२१ चे वर्गमूळ दाखवील : ६४.९७. ही तर पुऱ्या एका आर्पांच्या चौरसाची बाजू झाली! साधारण ८२ मीटर जाळी पुरली असती, तेथे २६० मीटर आणली जाईल. यंत्राची यात काहीच चूक नाही. चुकीचे विचारले, त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले.

पूर्वीच्या साधनांना डोक्याची साथ लागे. लॉगच्या कोष्टकात संख्येचा लॉग पाहायचा, तो निम्मा करायचा आणि त्यावरून उत्तर शोधायचे. स्लाइड रूलवर तर नुसते आकडे मिळत. दशांश चिन्ह कोठे द्यायचे, ते आपणच ठरवायचे. त्यामुळे अंदाज करावाच लागे. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे वर्गमूळाचे बटण असलेले खिशातील यंत्र ३९५ डॉलरना बाजारात आले. पुढे किंमती उतरल्या आणि स्लाइड रूल कपाटात गेला. त्याच्याबरोबर अंदाजाची सवयही गेली, हे मात्र नुकसान झाले.

काही पालक म्हणतील, यंत्र असताना हा खटाटोप कशाला? खटाटोप फारसा नाहीच. २० चा वर्ग ४००, २१ चा ४४१. म्हणजे उत्तर साडेवीसच्या आसपास. आता ४२२.१ ला २०.५ ने भागा, २०.५९ येतात. दोहोंची सरासरी २०.५४५. झाले वर्गमूळ! ज्याने एवढे केले, तो ६४.९७ पाहताच थांबेल.

ही विद्या आपल्याला परकी नाही. वेदी रचण्यासाठी दोरीने मोजमाप करणाऱ्यांच्या शुल्बसूत्रांत २ चे वर्गमूळ ५७७/४०८ इतके येते. ते पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त वर्गमूळाची रीत सांगितली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा १२०७ चा शिलालेख खानदेशात, चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. पण पूर्वजांचा नुसता अभिमान बाळगून मुलांना गणित येणार नाही.

म्हणून पालकांना आमची एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी अभ्यासाला बसली की बटण दाबण्यापूर्वी विचारा, “साधारण किती येईल?” हे विचारायला आपल्याला स्वतःला गणित यावे लागत नाही. मुलाने आधी आकडा सांगावा, मग यंत्राने. दोन्ही जुळले तर पुढे जावे. न जुळले तर चूक कोठे झाली, ते मुलानेच शोधावे.