दुसऱ्या खुर्चीचा मान

एखाद्याची नोकरी वीस-पंचवीस वर्षे झाली असे सांगितले, की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग आता साहेब झाले असतील ना?" उत्तर 'नाही' असे आले, की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर कणव उमटते. उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकाने मुख्याध्यापक व्हावे, हात बसलेल्या सर्जनने अधिष्ठाता व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. जणू काम चांगले केल्याचे बक्षीस म्हणजे त्या कामातून सुटका!

ही समजूत किती खरी आणि किती खोटी, हे तपासायला अमेरिकेतल्या एका माणसाची कारकीर्द फार उपयोगी पडते. त्याचे नाव नॉर्म चाऊ. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये ज्यांना रस आहे, ते हे नाव आदराने घेतात.

हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लांबट, खेळाडू अकरा-अकरा, आणि आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. त्या थोड्या सेकंदांत पुढची चाल ठरते. चेंडू हातात घेऊन पळायचे की लांब फेकायचा, कोणी कुठे धावायचे, हे सारे ठरवतो आक्रमणाचा प्रशिक्षक. अनेकदा तो प्रेक्षागाराच्या वरच्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला असतो. त्याची चाल मैदानात पार पाडणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. टाळ्या क्वार्टरबॅकला मिळतात, विजय प्रमुख प्रशिक्षकाच्या नावावर मांडला जातो. काचेआडच्या माणसाचे नाव बहुधा हरल्यावरच निघते.

आणि हे काही कॉलेजच्या स्नेहसंमेलनातले सामने नव्हेत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या नोकरदारांमध्ये सर्वांत जास्त पगार राज्यपालाचा नसतो, तर विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाचा असतो. म्हणजे प्रमुखाच्या खुर्चीची ओढ केवढी असेल, याची कल्पना करावी.

चाऊ यांचा जन्म १९४६ सालचा, होनोलुलूचा. रक्तात चिनी, हवाईयन आणि पोर्तुगीज असे तीन प्रवाह. यूटा विद्यापीठाकडून ते खेळले ते 'गार्ड' म्हणून, म्हणजे समोरच्या धटिंगणांना छातीने अडवणारा खेळाडू. ज्या माणसाने पुढे देशातले उत्तमोत्तम क्वार्टरबॅक घडवले, तो स्वतः त्या जागेवर खेळलेला नव्हता. हवाईतल्या एका शाळेत प्रशिक्षकाचे काम करून १९७३ मध्ये ते यूटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात दाखल झाले, आणि १९९९ पर्यंत, सत्तावीस हंगाम, तिथेच राहिले. मधल्या काळात शिक्षणशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली.

तिथले प्रमुख होते लव्हेल एडवर्ड्स. पळण्यावर भर देण्याच्या त्या काळात एडवर्ड्स यांनी चेंडू फेकण्यावर संघ उभा केला, आणि त्या पद्धतीला रोजच्या तालमीत आकार देणाऱ्यांत चाऊ अग्रभागी होते. पद्धत ऐकायला साधी. चाली मोजक्याच ठेवायच्या, पण त्या इतक्या घोटायच्या की झोपेतून उठवले तरी चुकू नयेत. समोरच्या अकरा जणांकडे पाहून गोंधळायचे नाही, नेमक्या एका बचावपटूवर नजर ठेवायची. तो पुढे आला तर चेंडू त्याच्या मागे, तो मागे हटला तर चेंडू त्याच्या पुढे. लांबची नेत्रदीपक फेक नसेल तर जवळच्या गड्याला द्यावा. पाच यार्ड मिळाले तरी पाच यार्डच!

त्या विद्यापीठातून जिम मॅकमॅहन, स्टीव्ह यंग, रॉबी बॉस्को असे एकामागून एक क्वार्टरबॅक निघाले. १९८४ मध्ये हा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. १९९० मध्ये टाय डेटमर या खेळाडूला विद्यापीठीय फुटबॉलमधला सर्वोच्च मान, हाइजमन करंडक, मिळाला. एडवर्ड्स २००० च्या हंगामानंतर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर २५७ विजय होते. त्यांची खुर्ची मात्र चाऊ यांच्याकडे आली नाही. ते आधीच बाहेर पडले होते.

चोपन्नाव्या वर्षी या गृहस्थांनी नवा संसार मांडला. २००० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटमध्ये फिलिप रिव्हर्स हा कोवळा पोरगा त्यांच्या हाताखाली उभा राहिला आणि संघ आठ सामने जिंकला. पुढच्या वर्षी ते लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पीट कॅरल यांचे सहायक झाले. तिथे २००२ मध्ये कार्सन पामर आणि २००४ मध्ये मॅट लायनर्ट यांना हाइजमन मिळाला. २००४ चा हंगाम अपराजित गेला आणि अंतिम सामन्यात ओक्लाहोमाचा ५५-१९ असा धुव्वा उडाला. (एका खेळाडूच्या नियमभंगामुळे त्या वर्षीच्या दोन किताबांपैकी एक पुढे काढून घेतला गेला.) देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार २००२ मध्ये चाऊ यांनाच मिळाला होता.

तरीही मोठ्या विद्यापीठाची पहिली खुर्ची मिळायला २०११ चा डिसेंबर उजाडावा लागला. मधल्या वर्षांत त्यांनी टेनेसी टायटन्स या व्यावसायिक संघात, मग यूसीएलएमध्ये आणि यूटात सहायकपद सांभाळले. हवाई विद्यापीठाने त्यांना प्रमुख नेमले तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. वरच्या दर्जाच्या विद्यापीठीय फुटबॉलमधले पहिले आशियाई वंशाचे अमेरिकन प्रमुख प्रशिक्षक म्हणून तेव्हा त्यांचे कौतुक झाले. जन्मगावी परत, आणि तेही प्रमुख म्हणून! एखाद्या चित्रपटाचा शेवट इथे झाला असता.

पण आयुष्य पुढे चालू राहते. पहिल्या वर्षी तीन विजय. दुसऱ्या वर्षी लागोपाठ अकरा पराभव आणि शेवटच्या सामन्यात लष्कराच्या संघावर एकुलता एक विजय. तिसऱ्या वर्षी चार. चौथ्या वर्षी, २०१५ च्या नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी, हंगाम संपण्याचीही वाट न पाहता त्यांना निरोप देण्यात आला. एकूण दहा विजय, छत्तीस पराभव.

हवाईची अडचण खरी होती. खेळविभागाची तिजोरी रिकामी, आणि बाहेरचा प्रत्येक सामना म्हणजे समुद्रापलीकडचा प्रवास. पण त्याच बेटावर, २००७ मध्ये, जून जोन्स यांच्या संघाने नियमित हंगामातले बाराही सामने जिंकले होते. तेव्हा सगळा दोष जागेवर टाकणे बरोबर नाही. मग काय, सदतीस-अडतीस वर्षांची कीर्ती खोटी होती?

मला वाटते, आपली चूक नेमकी या प्रश्नात आहे. पहिली खुर्ची म्हणजे दुसऱ्या खुर्चीचीच उंच आवृत्ती, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. चाल रचणे आणि तरुणाला ती शिकवणे हे एक काम. देणगीदारांना भेटणे, घरोघर जाऊन मुले मिळवणे, पत्रकारांना तोंड देणे, सहायक निवडणे, पैशांचा मेळ घालणे हे दुसरे काम. तबल्यावर ज्याचा हात चालतो, त्याने मैफलीचे आयोजनही तितकेच चोख करावे अशी अपेक्षा आपण करत नाही. कचेरीत मात्र हटकून करतो.

याचा अर्थ दुसऱ्याने दुसराच राहावे, असा कोणी काढू नये. 'तुम्ही तिथेच शोभता' हे वाक्य जगात अनेकांना, विशेषतः वेगळ्या वर्णाच्या, जातीच्या माणसांना आणि बायकांना, दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले आहे. चाऊ यांना ती खुर्ची हवी होती, त्यांनी ती कमावली होती, आणि ती पंधरा वर्षे आधी मिळायला हवी होती. ज्याला हवी त्याला संधी मिळालीच पाहिजे. पण संधी न मिळणे किंवा मिळून न जमणे, यातल्या कशानेही आधीच्या कामाची किंमत घटत नाही. दहा-छत्तीस हा चार वर्षांचा हिशेब आहे, माणसाचा नव्हे.

अमेरिकन फुटबॉलने निदान एवढे केले की सहायकासाठी वेगळा पुरस्कार ठेवला, आणि आज तिथल्या नामांकित सहायकांना वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक पगार मिळतो. आपल्याकडेही शिक्षकाला मुख्याध्यापक न होता वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणी मिळते. कल्पना शहाणपणाची आहे. पण पगारपत्रकात आलेले शहाणपण घरातल्या बोलण्यात अजून आलेले नाही.

चाऊ स्वतः काय करत राहिले? २०२० मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते लॉस एंजेलिसच्या एका नव्या व्यावसायिक संघाचे आक्रमण सांभाळत होते. त्यानंतर ते थेट स्वित्झर्लंडला, तिथल्या पोरांना हा खेळ शिकवायला गेले. खुर्ची कुठली, याची त्यांना फारशी फिकीर उरली नसावी. शिकवायला कोणी समोर असले की झाले.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी पंचवीस वर्षे एकाच टेबलावर काम केल्याचे सांगितले, तर 'साहेब झालात का' हे विचारण्याआधी एक विचारावे, 'तुमच्या हाताखालून कोण कोण शिकून गेले?' त्या उत्तराला वेळ लागेल. पण ऐकण्यासारखे तेच असेल.