जीवितकार्य बाजारात मिळत नाही

'तुमच्या आयुष्याचे ध्येय दोन दिवसांत शोधा' अशा जाहिराती हल्ली जागोजागी दिसतात. वातानुकूलित सभागृह, घसघशीत शुल्क आणि अखेरीस कोऱ्या कागदावर 'मला काय हवे' याची यादी! त्या यादीत बंगला असतो, गाडी असते, परदेशवारी असते. नसतो तो फक्त शेजारी. परमेश्वराने आपल्याला जन्माला घातले ते कशासाठी, या प्रश्नाचा असा बाजार मांडला जावा आणि सुशिक्षित मध्यमवर्गाने तेथे रांगा लावाव्यात, हे लक्षण बरे नव्हे.

या विचाराचा मूळ दोष असा की, तो 'मी'पासून निघतो आणि 'मी'पाशीच येऊन थांबतो. आपल्या परंपरेची साक्ष नेमकी उलट आहे. अर्जुनाला स्वधर्म उमगला तो अरण्यात नव्हे. दोन सैन्यांच्या मध्ये, आप्तस्वकीयांच्या गराड्यात. रण सोडून भिक्षान्नावर जगण्याची त्याची तयारी होती. भगवंतांनी ती पळवाट बंद केली.

नरेंद्रनाथ दत्त यांनीही काशीपूरच्या उद्यानगृहात श्रीरामकृष्णांपाशी अखंड समाधीचे सुख मागितले होते. गुरूंनी त्यांना खडसावले. अनेकांना सावली देणारा वटवृक्ष व्हायचे सोडून स्वतःपुरती मुक्ती कसली मागतोस, असा त्या बोलण्याचा आशय होता. पुढे परिव्राजक होऊन तेच नरेंद्र देशभर हिंडले, राजवाड्यांत राहिले, तसेच दरिद्री माणसांच्या झोपड्यांतही राहिले आणि १८९२ च्या डिसेंबरात कन्याकुमारीच्या शिलेवर ध्यानस्थ बसले. शिलेवरचा एकांत खरा. पण त्या एकांतात त्यांनी नेला होता तो सारा भारत! आणि १८९७ मध्ये कार्य उभे राहिले तेही गुरुबंधू आणि गृहस्थ भक्त यांना सोबत घेऊनच.

त्याच शिलेवरच्या स्मारकाचे काम १९६३ मध्ये एकनाथजी रानडे यांच्याकडे आले. ते त्यांनी कोणत्याही यादीत लिहून ठेवलेले नव्हते. समोर आले, सोपविले गेले, आणि त्यांनी ते आपले मानले. विरोध मोठा होता. एकनाथजींनी पक्षभेद न मानता तीनशेहून अधिक खासदारांच्या सह्या अवघ्या तीन दिवसांत मिळविल्या. लाखो सामान्य माणसांनी रुपया-रुपया दिला. १९७० मध्ये स्मारक उभे राहिले. तेथेच न थांबता १९७२ मध्ये त्यांनी विवेकानंद केंद्र स्थापन केले, कारण दगडाच्या स्मारकापेक्षा माणसांचे स्मारक अधिक टिकते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

यावर 'सगळ्यांनीच का घरदार सोडायचे?' हा प्रश्न ठरलेला. कोणी सोडायला सांगितले? शिक्षकाने वर्गातल्या मागच्या बाकावरील मुलाकडे पाहावे, डॉक्टरांनी आठवड्यातील एक सायंकाळ वस्तीला द्यावी, हिशेबनिसाने एखाद्या संस्थेचे हिशेब चोख ठेवावेत. ईश्वराने प्रत्येकाच्या हाती वेगळे कौशल्य ठेवले, ते आपण एकमेकांना पुरे पडावे म्हणूनच. 'निवृत्तीनंतर पाहू' हे उत्तर मात्र देऊ नये. देवाला कोणी कोमेजलेली फुले वाहत नाही.

दोन शब्द कार्यकर्त्यांसाठीही. समाजकार्यात असणे म्हणजे जीवितकार्य सापडणे नव्हे. पद गेले की ज्याचा उत्साह मावळतो, व्यासपीठावर खुर्ची नसली की ज्याला बैठकीची वेळ आठवत नाही, त्याचीही यादी 'मी'चीच. फक्त तिच्यावरचे शीर्षक निराळे.

म्हणून ध्येय शोधण्यासाठी शुल्क भरण्याची गरज नाही. आपल्या घरापासून शंभर पावलांवर कोणाला आपली वाट पाहावी लागत आहे, एवढे आज पाहावे. आणि तेथे जाताना एकट्याने जाऊ नये. मुलांना सोबत न्यावे.