विचारणाऱ्याला उत्तर द्या

चौकात एखादं आधुनिक शिल्प उभं राहिलं की आठ दिवसांत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं रस्त्यावरच्या माणसाचं: ‘हे काय आहे? भंगारातून आणलंय का?’ दुसरं जाणकारांचं: ‘आपल्या लोकांना कळतच नाही, त्याला कोण काय करणार!’ पहिलं वाक्य मला रास्त वाटतं. दुसऱ्याचा मला राग येतो.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. सांगलीत शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी नोकरी सरली. आमच्या घराजवळच्या एका चौकात काही वर्षांपूर्वी वाहतूक बेटावर स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्यांचं एक शिल्प बसवलं गेलं. खाली फलक लागला. काम कुणाच्या निधीतून झालं, उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं, कोण कोण उपस्थित होतं, सगळं त्यावर आहे. शिल्प कुणी घडवलं आणि त्याचं नाव काय, एवढंच नाही. पहिल्या पावसाळ्याआधीच त्याच्या एका पट्टीला तारेनं वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला मी पाहिला. बांधणाऱ्याला मी दोष देत नाही. हे शिल्प आहे, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता औंधची गोष्ट. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या या गावी, यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये ते उभं केलं. रविवर्म्याची ‘सैरंध्री’ तिथे आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. तिथेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्प आहे, हे मात्र सातारकरांनाही सांगावं लागतं. विसाव्या शतकातल्या जगातल्या मोठ्या शिल्पकारांपैकी एकाचं काम कराडहून पुसेसावळीमार्गे एसटीनं जाऊन बघता येतं, आणि आपण ते कुणाला सांगत नाही!

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं घेऊन मी तिथे जात असे. ‘सैरंध्री’पुढे मुलं खिळून राहायची. तिचं रडवेलं तोंड, साडीची चुणी, सगळं ओळखीचं. मूरच्या शिल्पापुढे आली की चुळबुळ सुरू. ‘बाई, हे अर्धवट राहिलंय का?’ एका सहलीत पाथरवटाच्या घरातला एक मुलगा होता. त्याचे वडील पाट्या-वरवंट्याला टाकी लावायचे. तो बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, ‘दगडाला जेवढं सोसतंय तेवढंच काढलंय, बाई. जास्त काढलं असतं तर दगड मेला असता.’ मूर कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा मुलगा. दगडानं मांस असल्याचं सोंग करू नये, दगड दगडासारखाच दिसावा, हा त्याचा तरुणपणीचा आग्रह होता. त्यावर जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत. आमच्या या विद्यार्थ्यानं तोच मुद्दा टाकीच्या अनुभवावरून गाठला. त्यानंतर मी दुसऱ्या मुलांना फारसं काही समजावलंच नाही. तोच समजावत होता.

म्हणून ‘लोकांना कळत नाही’ हे मी ऐकून घेत नाही. आपल्या भागातल्या माणसाला नाक-डोळे नसलेल्या दगडाचं वावडं कधीच नव्हतं. शेताच्या बांधावरचा म्हसोबा म्हणजे शेंदराचे थर चढलेला एक दगड. देवळातला तांदळा म्हणजे नुसता गोल उंचवटा, त्यावर फार तर चांदीचे डोळे. साताऱ्याजवळ देगावच्या डोंगरात पाटेश्वर आहे. तिथे शिवलिंगांचे किती म्हणून प्रकार कोरले आहेत! लहान, मोठी, एकाच शिळेवर ओळीनं मांडलेली, इतर कुठेच न दिसणाऱ्या घडणीची. माणूस आणि बैल एकाच देहात असलेली अग्निवृषाची मूर्तीही तिथेच आहे, आणि ती कुठल्याही आधुनिक शिल्पाइतकी चक्रावून टाकणारी आहे. श्रावणात बायाबापड्या तिथे डोंगर चढून जातात. ‘हे काय भलतंच?’ असं कुणी म्हणत नाही, कारण आजीनं आईला, आईनं मुलीला ते काय आहे ते सांगितलेलं असतं. गावच्या वेशीवरचा वीरगळसुद्धा कुणी बोट ठेवून दाखवला तरच वाचता येतो: खाली लढाई, तिच्या वर स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवपूजा आणि चंद्र-सूर्य. दाखवणारं कुणी नसलं की त्याच वीरगळावर धुणी धुतली जातात. तसे वीरगळही मी पाहिलेत.

परदेशातले लोक जन्मजात समजूतदार असतात, असंही नाही. मूरचंच आणखी एक ‘माता आणि मूल’, येशू आणि मरियमचं, १९४४ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या चर्चमध्ये बसलं, तेव्हा स्थानिक वर्तमानपत्रांत संतापाची पत्रं छापून आली. पुढे १९६२ मध्ये त्याचं बसलेल्या बाईचं ब्राँझचं मोठं शिल्प पूर्व लंडनमधल्या कामगारवस्तीत ठेवलं गेलं. वस्तीनं तिचं नाव पाडलं ‘ओल्ड फ्लो’, म्हणजे आपल्याकडची फ्लोआजी म्हणा. पोरं तिच्या मांडीवर चढली. २०१२ मध्ये तिथल्या पालिकेनं पैशासाठी ती विकायला काढली, तेव्हा लोकांनी विरोध केला. विक्री झाली नाही, आणि मधल्या काळात दुसरीकडे हलवलेली ती २०१७ मध्ये पूर्व लंडनला परतली. नाव ठेवण्याइतकी ओळख व्हायला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत शिल्पाचा कुणी फ्लेक्सचा खांब करून चालत नाही.

आपल्या देशातलं उदाहरण याहून जवळचं. औंधचं संग्रहालय उभं राहिलं त्याच १९३८ साली शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी ‘संथाल कुटुंब’ घडवलं. ब्राँझला पैसे नव्हते, म्हणून सिमेंट आणि तिथलीच मुरमाड खडी वापरली. खांद्यावर कावड घेतलेला बाप, कडेवर मूल घेतलेली आई, बरोबर कुत्रा. अंग खडबडीत, चेहरे ढोबळ. पण ती रोज त्याच रस्त्यानं कामाला जाणारी माणसं होती, त्यामुळे शिल्पाची ओळख पटायला वेगळा रस्ता लागला नाही.

आपल्याकडे थोर पुरुषाचा पुतळा उभारायचा तर त्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्यात पळवाटा निघत असतील, पण निदान कुणीतरी तो नमुना बघतं. चौकातलं शोभेचं शिल्प मात्र ‘सुशोभीकरण’ या कामात पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि फायबरच्या हरणांच्या पंक्तीला येऊन बसतं. त्याचा निर्णय कुठे झाला, कुणाला विचारलं, कळायला मार्ग नसतो. मग माणूस चिडला तर त्याची अक्कल काढायची नसते, त्याला आधी विचारायचं असतं.

माझी मागणी मोठी नाही. सांगलीला कृष्णेकाठी एक आधुनिक शिल्प व्हावं, आणि ते महापुराचं व्हावं. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. ती उंची दाखवणारं काहीतरी आपल्याच भागातल्या शिल्पकारानं दगडात किंवा लोखंडात घडवावं. त्याला तोंड-डोळे नसले तरी चालतील. गावभागातल्या ज्या म्हातारीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं, तीच पाहुण्यांना ते काय आहे हे सांगेल. त्याचे तीन-चार छोटे नमुने आधी महिनाभर भावे नाट्यमंदिरात मांडावेत, शिल्पकारानं रोज संध्याकाळी तिथे बसावं, आणि प्रयोगाला आलेल्या लोकांनी त्याला हवं ते विचारावं. फलकावर सगळ्यात वर शिल्पकाराचं नाव घालावं.