शिकवण्याचा गुन्हा

साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं आपल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. मुलांना चांगलं शिकवलं म्हणून गुरुजींना कुणी फाशी दिलं असतं तर? नुसत्या कल्पनेनंच अंगावर काटा येतो ना?

पण इराणमधल्या शिराझ शहरात असं खरंच घडलं. मोना महमूदनिजाद ही तिथली बहाई मुलगी. सगळे धर्म एकाच देवाचे आणि सगळी माणसं एकाच कुटुंबातली, असं बहाई मानतात. मोना लहान मुलांना हेच शिकवायची. १९७९ च्या क्रांतीनंतरच्या राज्यघटनेनं ज्यू, ख्रिस्ती आणि जरथुष्ट्री लोकांना मान्यता दिली, बहाईंना मात्र नाही. मोनाला पकडलं. धर्म सोड, म्हणजे सुटशील, असं सांगितलं. तिनं ऐकलं नाही. १८ जून १९८३ रोजी तिला आणि आणखी नऊ जणींना फाशी दिलं. मोना अवघी १७ वर्षांची होती. आपल्या बारावीतल्या ताईएवढी!

बहाई मुलांना कॉलेजची दारंही बंद झाली. मग १९८७ साली बहाईंनी घराघरांतून वर्ग भरवून आपलं विद्यापीठच सुरू केलं. त्यातल्या काही शिक्षकांनाही पुढे तुरुंगात टाकलं.

आपल्या पाचगणीत मात्र बहाईंनी १९४५ साली शाळा काढली आणि तिथं सगळ्या धर्मांची मुलं शेजारीशेजारी बसून शिकली.

तुमच्या वर्गात कुणाची प्रार्थना वेगळी असेल, सण वेगळा असेल. मधल्या सुट्टीत तो एकटाच डबा खात बसलाय का? उद्या जरा बघा. आणि त्याच्याजवळ जाऊन बसा!