दिवा विझवू नका, त्याचं ऐका

"जुनी गाडी आहे, दिवा लागायचाच." या एका वाक्याने किती इंजिनांचा बळी घेतला असेल, कोण जाणे!

माझ्या एका स्नेह्याकडे जुनी पोर्शे बॉक्सस्टर आहे, १९९६ ते २००४ या काळातलं ९८६ मॉडेल. तिचा कूलंटचा दिवा लुकलुकू लागला. गॅरेजवाल्याने काही न उघडताच निदान केलं, "सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला, पैसे गेले. आठवड्यात दिवा पुन्हा हजर. दुसऱ्या शहाण्याचा सल्ला, "काळी पट्टी चिकटवा, कटकट मिटेल." याला दुरुस्ती म्हणायचं? ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडण्याचा हा प्रकार.

दिवा एकच, पण तक्रारी वेगवेगळ्या. स्थिर पेटला तर इंजिन जास्त तापलंय. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. लुकलुकला तर कूलंट कमी आहे, नाहीतर इंजिनाच्या कप्प्यात उष्णता साठतेय आणि तिथला पंखा तपासायला हवा. हे सगळं गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलंय. ती वाचायला पैसे पडत नाहीत.

पुढचा क्रम साधा आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मागच्या डिकीतल्या टाकीची पातळी बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, भाजाल. पातळी बरोबर असूनही दिवा लागला, तरच सेन्सरवर संशय घ्या. पातळी उतरत असेल तर कूलंट जातंय कुठे ते शोधा. या गाडीची प्लास्टिकची टाकी वयानुसार तडकते. डिकीतलं कार्पेट उचला. ओल आणि गोडसर वास असेल तर चोर सापडला. तिथे कोरडं असेल तर झाकण, वॉटर पंप, नळ्या आणि पुढचे रेडिएटर बघा. तरीही सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट करून घ्या.

स्नेह्याची टाकीच तडकली होती. सेन्सर बिचारा खरं बोलत होता!

अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन तापून हेड वाकलं, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जाऊ शकतो. मग दोष फक्त गॅरेजवाल्याचा? तो आपल्या पैशाने अंदाज बांधतो, कारण आपण त्याला बांधू देतो. आपल्याला दोष नको असतो, तसं त्याचं कारणही नको असतं. फक्त दिवा विझायला हवा असतो. पुढच्या वेळी पाकीट काढण्याआधी एवढंच विचारा, "तपासून सांगताय, की अंदाजाने?"